भाजलेल्या जखमा आणि हार्मोनची औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्न्स वॉर्डच्या दाराशी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती टक्के?" (म्हणजे अंगावरची किती कातडी भाजली.) आठवडा उलटला की दुसरे प्रश्न सुरू होतात. एवढं खाऊ घालतोय तरी वजन का उतरतंय? साखर कधीच नव्हती, मग इन्सुलिन कशाला? कागदावर "स्टिरॉइड" लिहिलंय ते चांगलं की वाईट? जखम लवकर भरायची एखादी सुई मिळते का? मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या घरच्यांसाठी ही उत्तरं आहेत. काही ठिकाणी डोसचे आकडे दिले आहेत. डॉक्टर काय बोलतायत ते कळावं एवढाच त्यांचा उपयोग, स्वतः औषध सुरू करायला नव्हे.

भाजली ती कातडी. तिथे हार्मोनचा काय संबंध?

भाजते कातडी, पण मोठं भाजलं की सगळं शरीरच आजारी पडतं. साधारण २० टक्क्यांच्या पुढे भाजलेल्या माणसाच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल आणि ग्लुकागॉन ही ताणाची हार्मोन्स कित्येक पटींनी वाढतात. ती दोन-चार दिवसांत उतरत नाहीत. आठवडेच्या आठवडे, आणि फार मोठ्या भाजण्यात वर्ष-दोन वर्षंही, त्यांचा जोर टिकतो. नाडी जलद चालते, अंग गरम राहतं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या शरीर नेहमीच्या दीडपट, कधी दुपटीच्या जवळ ऊर्जा जाळतं.

ही ऊर्जा फक्त चरबीतून येत नाही. सरपण संपलं म्हणून घरातली कपाटं फोडून चूल पेटती ठेवावी, तसं शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यांची साखर करतं. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास पाय मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन (मोडलेल्या प्रथिनांची खूण) मोजला, तेव्हा एका मोडलेल्या पायाच्या मानाने तो फारच जास्त निघाला. इजा एका जागी, पण झीज सगळ्या अंगाची. भाजण्यात ही झीज सर्वांत तीव्र असते.

जखम भरायला प्रथिनं लागतात आणि शरीर तर स्वतःचीच प्रथिनं उधळत असतं. स्नायू वगैरे चरबीविरहित वस्तुमान १० टक्के घटलं की प्रतिकारशक्ती ढासळते. २० टक्के घटलं की जखमा भरणं मंदावतं. ३० टक्क्यांवर रुग्णाला बसवत नाही, पाठीला शय्याव्रण (पडून राहून होणाऱ्या जखमा) होतात. ४० टक्के गेलं तर जीव वाचवणं अवघड होतं, आणि अशा वेळी शेवटचं कारण बहुधा न्यूमोनिया असतं. म्हणून वजनकाटा हाही ड्रेसिंगइतकाच महत्त्वाचा.

म्हणजे ही औषधं थेट जखम भरत नाहीत?

बहुतेक नाहीत, आणि सगळा गोंधळ नेमका इथेच होतो. "जखम भरायचं हार्मोन" असं काही वेगळं नसतं. ही औषधं शरीराची उधळपट्टी थांबवतात किंवा नवी प्रथिनं बांधायला मदत करतात. त्यातून वाचलेला माल जखमेच्या वाट्याला येतो. जळालेली मृत कातडी काढलेली नसेल, जंतुसंसर्ग असेल किंवा पोटात पुरेसं अन्न जात नसेल, तर कितीही महागडं हार्मोन दिलं तरी बांधकामाला माल कुठून आणणार?

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी शस्त्रक्रिया, अन्न, संसर्गावर ताबा; मग औषधं. मृत कातडी लवकर काढून त्यावर त्वचारोपण (ग्राफ्ट) करायची पद्धत स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या सर्जन झोरा यान्झेकोविच यांनी १९७०च्या सुमारास रुजवली. भाजलेल्यांचे प्राण वाचवण्यात तिचा जो वाटा आहे, तेवढा कोणत्याही हार्मोनचा नाही.

मग नेमकी कोणती औषधं वापरतात?

मुख्य नावं चार. ऑक्सँड्रोलोन ही टेस्टोस्टेरॉनपासून बनवलेली गोळी. ग्रोथ हार्मोन म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचं इंजेक्शन. इन्सुलिन सर्वांना माहीत आहे. चौथं प्रोप्रानोलोल, ते हार्मोन नाही, अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम अडवणारी गोळी आहे, पण काम याच घरातलं. सगळी एकाच वेळी, सर्वांना देत नाहीत. कोणाला काय, हे टक्केवारी, वय, यकृत, साखर आणि नाडी पाहून ठरतं.

ऑक्सँड्रोलोनबद्दल खूप वाचलं. खरंच उपयोग होतो का?

या चौघांत जखमांच्या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यास ज्यांचा झाला त्यांत हे एक. मोठ्या माणसांना साधारण १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मुलांना किलोमागे ०.१ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा डोस अभ्यासांत वापरला गेला.

अमेरिकेतल्या अनेक बर्न सेंटरनी मिळून एक चाचणी केली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. २० ते ६० टक्के भाजलेले ८१ रुग्ण. कोणाला खरी गोळी, कोणाला नुसती दिसायला तशी, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. गोळी घेतलेले सरासरी सुमारे ३२ दिवसांत घरी गेले, बाकीच्यांना सुमारे ४३ दिवस लागले. फरक इतका स्पष्ट होता की मधल्या तपासणीतच चाचणी थांबवण्यात आली. त्याआधीच्या एका छोट्या अभ्यासात डोनर साइट, म्हणजे ग्राफ्टसाठी जिथली कातडी काढली ती जागा, १३ ऐवजी सुमारे ९ दिवसांत भरली. मोठं भाजलं असेल तर हे चार दिवस सोन्याचे. चांगली कातडी अंगावर थोडीच उरलेली असते. तीच जागा भरून आली की पुन्हा तिथूनच कातडी घ्यायची असते, म्हणजे पुढची शस्त्रक्रिया तेवढी आधी होते.

आता दुसरी बाजू. सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर वजन कमी घटतं, रुग्णालयातले दिवस कमी होतात, जखमा लवकर भरतात, असं दिसतं. पण मृत्यूचं प्रमाण कमी झालेलं दिसत नाही. "या गोळीने जीव वाचला" असं कोणी सांगत असेल तर ते वाढवून सांगतोय.

पण अमेरिकेने ही गोळी बंद केली म्हणे. मग ती धोक्याची ना?

प्रश्न रास्त आहे, उत्तर थोडं वळणाचं. २०२३ मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने (आपल्या वांद्र्याच्या नव्हे, अमेरिकेच्या) ऑक्सँड्रोलोनच्या मान्यता मागे घेतल्या. मान्यता काढून घ्या असं उत्पादक कंपन्यांनीच कळवलं होतं. पण त्यामागची कहाणी जुनी आहे. ही गोळी १९६४ मध्ये बाजारात आली, तेव्हाचे पुराव्याचे निकष आजच्यासारखे कडक नव्हते. मोठी शस्त्रक्रिया, दीर्घ संसर्ग किंवा गंभीर इजा यानंतर वजन वाढवण्यासाठी, असं तिच्या लेबलवर होतं. १९८४ मध्येच एफडीएच्या तज्ज्ञ समितीने म्हटलं होतं की या दाव्याला पुरेसा आधार उरलेला नाही. यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या होणं, यकृताच्या गाठी, रक्तातल्या चरबीचं बिघडणं, हे धोके लेबलवर होतेच.

भाजण्यावरचे बरेचसे चांगले अभ्यास नंतरच्या काळातले. लेबलवरच्या दाव्याची फाइल आणि बर्न वॉर्डातला अनुभव या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी चालत राहिल्या, आणि शेवटी फाइल जिंकली. माझं मत विचाराल तर मोठ्या भाजण्यात थोड्या महिन्यांसाठी, यकृतावर नजर ठेवून दिलेली गोळी आणि जिममध्ये वर्षभर चोरून खाल्लेली गोळी यांना एकाच तराजूत तोलणं बरोबर नाही. पण त्याचा अर्थ असाही नाही की कुठल्यातरी वेबसाइटवरून ती मागवावी. शरीरसौष्ठवाच्या चोरट्या बाजारात या नावाने जे विकलं जातं, त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमच्या डॉक्टरांनी ती लिहिली नसेल तर त्यामागे हेही कारण असू शकतं. बाकीचे उपाय आहेत.

मेडिकलवाला म्हणाला, "नँड्रोलोनचं इंजेक्शन द्या, तेच आहे."

तेच नाही. घराणं एक आहे, दोन्ही अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड. नँड्रोलोन स्नायूत टोचतात आणि त्याचा असर आठवडेभर रेंगाळतो, म्हणजे त्रास झाला तर गोळीसारखं लगेच बंद करता येत नाही. भाजलेल्या रुग्णांत त्याचा अभ्यासही ऑक्सँड्रोलोनच्या मानाने फार तोकडा आहे. "अशक्तपणाची सुई" म्हणून ते गावोगावी टोचलं जातं, ही आपल्याकडची जुनी खोड. चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

स्टिरॉइडने जखम भरत नाही असं ऐकलंय. मग डॉक्टरच स्टिरॉइड कसं देतात?

स्टिरॉइड हे आडनाव झालं. त्यात स्वभावाने उलटी माणसं आहेत. अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड (टेस्टोस्टेरॉनच्या जातीची) प्रथिनं बांधतात. कॉर्टिकोस्टिरॉइड (प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन) प्रथिनं मोडतात, सूज दाबतात, जखम भरणं लांबवतात आणि संसर्ग झाकून ठेवतात. भाजलेल्याच्या शरीरात कॉर्टिसॉल आधीच चढलेलं असतं. त्यात बाहेरून भर घालण्यात शहाणपण नाही.

म्हणून खाज-नायट्यावर लावतात त्या घरातल्या ट्यूब ताज्या भाजलेल्या जागेवर लावू नका. त्यांतल्या अनेकांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं.

एक अपवाद नीट वाचा. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचा आजार यासाठी रुग्ण आधीपासून प्रेडनिसोलोन घेत असेल तर ते अचानक बंद करू नका. शरीराला बाहेरच्या गोळीची सवय झालेली असते, एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. दाखल करतानाच डॉक्टरांना सांगा, गोळ्यांची पाकिटं दाखवा.

ग्रोथ हार्मोन दिलं तर मुलाच्या जखमा लवकर भरतील का?

मुलांच्या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी चांगला आहे. टेक्सासमधल्या गॅलव्हेस्टनच्या श्राइनर्स रुग्णालयात डेव्हिड हर्नडन यांच्या गटाने ४० टक्क्यांहून जास्त भाजलेल्या ४० मुलांवर चाचणी केली, ती १९९० मध्ये छापून आली. किलोमागे रोज ०.२ मिलिग्रॅम ग्रोथ हार्मोन मिळालेल्या मुलांची डोनर साइट सुमारे दोन दिवस आधी भरली. रुग्णालयातला मुक्काम दर टक्क्यामागे ०.८ दिवसावरून ०.५४ दिवसावर आला. ६० टक्के भाजलेल्या मुलासाठी म्हणजे सुमारे दोन आठवडे कमी. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १३ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा ४० टक्क्यांच्या पुढच्या भाजण्यात जखमा आणि डोनर साइट लवकर भरतात, व्रण (भरलेल्या जखमेचे वण) वाढत नाहीत, मृत्यू वाढत नाहीत, पण रक्तातली साखर चढते, असं चित्र निघालं.

हे हार्मोन आज कारखान्यात, जिवाणूंमध्ये मानवी जनुक घालून बनवतात. १९८५ पर्यंत ते मृत माणसांच्या पियुषिका ग्रंथीतून काढत. त्यातून काही जणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला, म्हणून ती पद्धत बंद झाली. आजच्या इंजेक्शनात ती भीती नाही.

मग मोठ्या माणसांना ते सर्रास का देत नाहीत?

१९९९ मुळे. त्या वर्षी युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकत्र प्रसिद्ध झाले. आयसीयूतल्या एकूण ५३२ गंभीर रुग्णांना ग्रोथ हार्मोन किंवा नुसतं पाणी दिलं होतं. स्नायू वाचतील आणि रुग्ण लवकर उठतील, अशी अपेक्षा होती. झालं उलटं: फिनलंडमधल्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ३९ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २० टक्के. दुसऱ्या चाचणीत हेच आकडे ४४ आणि १८ होते.

त्यात भाजलेले रुग्ण नव्हते. हृदयाच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रिया, अपघात, श्वसन बंद पडणं अशी माणसं होती. तरीही मोठ्या माणसांच्या आयसीयूत या इंजेक्शनबद्दल जी धास्ती बसली ती आजही गेलेली नाही, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. शिवाय साखर चढते आणि खर्चही भरमसाट. प्रौढ रुग्णाला कोणी हे सुचवलं तर "कशासाठी, किती दिवस, साखरेवर लक्ष कोण ठेवणार?" एवढं विचाराच.

आमच्या पेशंटला मधुमेह नाही. मग इन्सुलिन का लावलं? आता कायमचं लागणार का?

ताणाची हार्मोन्स यकृताला सतत साखर सोडायला लावतात आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाहीत. म्हणून मधुमेह नसलेल्यांचीही साखर मोठ्या भाजण्यानंतर २००-२५०च्या घरात जाते. चढी साखर म्हणजे जंतूंना मेजवानी. ग्राफ्ट धरत नाहीत, जखमा चिघळतात. इन्सुलिन साखर उतरवतं, आणि त्याबरोबर स्नायूंतली प्रथिनं मोडणंही थोडं रोखतं. त्या अर्थाने ते सर्वांत जुनं, स्वस्त आणि कुठल्याही जिल्हा रुग्णालयात मिळणारं "बांधणारं" हार्मोन आहे.

किती उतरवायची? २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका चाचणीनंतर साखर अगदी ८०-११०मध्ये ठेवायची लाट आली होती. २००९ मध्ये नाइस-शुगर नावाच्या ६,१०४ रुग्णांच्या चाचणीने ती ओसरवली: कडक नियंत्रणात २७.५ टक्के मृत्यू, सैल नियंत्रणात २४.९ टक्के. साखर एकदम खाली गेली तर मेंदूला धोका, आणि भाजलेल्याला वारंवार ऑपरेशनसाठी उपाशी ठेवावं लागतं, त्यामुळे तो धोका दुप्पट. म्हणून आता साधारण १८०च्या आत, अनेक बर्न युनिटमध्ये १३० ते १५०च्या आसपास, अशी मधली वाट धरतात. दर तासा-दोन तासांनी बोट टोचतात ते याचसाठी.

कायमचं बहुतेकांना लागत नाही. जखमा मिटल्या की गरज उतरत जाते. पण मधुमेह आधीच दबा धरून बसलेला असेल तर तो या निमित्ताने उघडा पडतो. घरी गेल्यावर तीन महिन्यांची साखर तपासून घ्या.

इन्सुलिन थेट जखमेवर टाकलं तर? व्हिडिओत पाहिलं.

कल्पना हवेतली नाही. इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला उत्तेजन देतं, आणि जखमेवर ते लावून पाहिलेल्या काही छोट्या चाचण्यांत फायदा दिसलाही आहे. पण भाजलेली मोठी जागा उघडी असते, तिच्यातून औषध रक्तात उतरतं. कुपीतलं इन्सुलिन घरी ओतून रात्री साखर ४० झाली तर कोण उठवणार? घरी हा प्रयोग नको.

ही तर बीपीची गोळी आहे! प्रोप्रानोलोल का देतायत?

बीपीसाठी नाही, अ‍ॅड्रिनलिनला लगाम घालण्यासाठी. २००१ मध्ये गॅलव्हेस्टनच्याच गटाने २५ भाजलेल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाडी २० टक्क्यांनी खाली येईल इतकं प्रोप्रानोलोल दिलं; ज्यांना दिलं त्यांचे स्नायू टिकले, बाकीच्यांचे झिजत गेले. इराणमधल्या शिराझमध्ये मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांच्या जखमा सुमारे १६ दिवसांत भरल्या, न घेणाऱ्यांच्या सुमारे २१ दिवसांत.

स्वस्त आहे, पण साधी नाही. दमा असणाऱ्याला तिने श्वासनलिका आवळतात. नाडी फार मंद होऊ शकते, आणि साखर उतरल्याची धडधड ती लपवते, म्हणजे इन्सुलिन चालू असेल तर दुप्पट सावध राहायला हवं. आणि ती एकदम थांबवत नाहीत, हळूहळू कमी करतात. घरी जाताना चिठ्ठीत ती असेल तर "आता बरं वाटतंय" म्हणून मनाने बंद करू नका.

मुलीला ऑक्सँड्रोलोन दिलं तर दाढी-मिशा येतील का? आवाज बदलेल?

या जातीतल्या औषधांत पुरुषीपणा आणण्याचा गुण ऑक्सँड्रोलोनमध्ये कमी आहे, शून्य नाही. चेहऱ्यावर लव वाढणं, मुरुमं, आवाज घोगरा होणं, पाळी पुढे-मागे होणं यांकडे लक्ष ठेवा. लव-मुरुमं औषध थांबवल्यावर ओसरतात, घोगरा झालेला आवाज मात्र तसाच राहू शकतो. म्हणून आवाजात फरक वाटला की त्याच दिवशी सांगा. संकोच करू नका, वाटल्यास सिस्टरशी बोला. गर्भवतीला हे औषध अजिबात देत नाहीत. मुलग्यांत वयाच्या आधी वयात येण्याची लक्षणं दिसतायत का ते पाहावं लागतं.

मुलाची वाढ खुंटेल का?

औषधाने नव्हे, भाजण्यानेच खुंटते. मोठं भाजल्यावर मुलांची उंची वर्षभर, कधी त्याहून जास्त, अडून राहते आणि हाडं ठिसूळ होतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० टक्क्यांहून जास्त भाजलेल्या २२२ मुलांना पाच वर्षं पाहिलं. त्यांतल्या काहींना वर्षभर ऑक्सँड्रोलोन दिलं होतं. वाढीच्या वयातल्या अशा मुलांची उंची आणि हाडांतलं खनिज इतरांपेक्षा बरं राहिलं, आणि दूरगामी अपाय आढळला नाही. २०१६ मध्ये ऑक्सँड्रोलोन आणि प्रोप्रानोलोल एकत्र देऊन पाहिलं तेव्हा वाढ अडून राहण्याचा काळ ८४ दिवसांनी कमी झाला. हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय मधूनमधून पाहतात, कारण हाडांची टोकं वेळेआधी बंद झाली तर उंची थांबते.

कोणत्या तपासण्या होत राहतील?

यकृताची (एसजीओटी, एसजीपीटी) दर आठवड्याला किंवा डॉक्टर सांगतील तशी, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर ऑक्सँड्रोलोनसोबत तिचा जोर खूप वाढतो, ते आधीच सांगा. आणि वजन. ते मात्र तुम्हीही लिहून ठेवा.

हार्मोन परवडत नाही, किंवा मिळतच नाही. मग पेशंटचं कसं?

मोठं नुकसान झालं असं समजू नका. तीन गोष्टी फार मोलाच्या आणि त्यामानाने स्वस्त आहेत.

एक, खोली उबदार. २८ ते ३२ अंश. कातडी नसलेलं अंग उष्णता गमावतं आणि ती भरून काढायला शरीर आणखी जाळतं. भाजलेल्याची आग होते म्हणून पंखा-एसी जोरात लावणारे नातेवाईक प्रेमापोटीच करतात, पण ते उलटं पडतं.

दोन, अन्न. ६० किलोचा, ४० टक्के भाजलेला माणूस घ्या. एका जुन्या, बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या हिशेबाने वजनाच्या किलोमागे २५ आणि भाजलेल्या टक्क्यामागे ४०, म्हणजे रोज सुमारे ३,१०० कॅलरी होतात. हा हिशेब थोडा चढाच आहे, पण पेज-खिमटीवर भागणार नाही हे त्यातून कळतं. प्रथिनं किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे रोज ९० ते १२० ग्रॅम. इथे आपलं पथ्य आडवं येतं: आंबट नको, दही नको, अंड्याने पू होतो, डाळ जड पडते. पू जंतूंनी होतो, अंड्याने नाही. अंडी, दूध, दही, पनीर, मासे, चिकन, डाळी, शेंगदाणे, चालेल ते द्या. तोंडाने जात नसेल तर नाकातल्या नळीने देतात. ती नळी म्हणजे शेवटची घटका नव्हे, ते जेवणाचंच ताट आहे. महागडी ग्लुटामिनची पावडर मात्र टाळलीत तरी चालेल. २०२२ मध्ये सुमारे १,२०० भाजलेल्या प्रौढांवरच्या चाचणीत तिने ना मृत्यू कमी झाले ना रुग्णालयातले दिवस.

तीन, हालचाल. फिजिओथेरपिस्ट हात वर करायला लावतो तेव्हा पेशंट ओरडतो, आणि घरचे म्हणतात "राहू द्या हो आज". स्नायू वापरला तरच टिकतो. न वापरलेल्या स्नायूला कुठलंही हार्मोन वाचवत नाही.

खर्चाबद्दल: महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजल्यावरच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड-आधार घेऊन दाखल करतानाच त्याला गाठा.

ईजीएफचं जेल लिहून दिलंय. तेही हार्मोनच का?

जवळचं नातं, पण ते वाढीचं घटकद्रव्य. रक्तातून दूर जाण्याऐवजी जागच्या जागी पेशींना वाढायला सांगतं. हे शोधल्याबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. १९८९ मध्ये १२ रुग्णांच्या डोनर साइटवर ते लावून पाहिलं तेव्हा सुमारे दीड दिवस लवकर भरल्या. भारतात हैदराबादची भारत बायोटेक असं जेल बनवते. वरवरच्या आणि स्वच्छ जखमेला मदत होते. पूर्ण खोलवर जळालेल्या जागेला ग्राफ्टच लागतो, जेलने तो टळत नाही.

थायरॉइड कमी आलाय, ड जीवनसत्त्वही कमी आलंय. गोळ्या सुरू करायच्या?

मोठ्या आजारात थायरॉइडचा टी-३ आपोआप उतरतो; आधीपासून थायरॉइडचा आजार नसेल तर बहुधा नुसतं पाहत राहतात. ड जीवनसत्त्वाचं वेगळं आहे. शरीरात त्याचं हार्मोनच होतं, आणि ते तयार करणारी कातडीच भाजलेली असते. भरून आलेली कातडीही ते नीट बनवत नाही, शिवाय नव्या कातडीला ऊन लागू द्यायचं नसतं. मुलांना तर नक्की विचारून सुरू करा.

जखम भरली, पण व्रण फुगून कडक झालाय, खाजतो. त्यात डॉक्टर स्टिरॉइड टोचणार म्हणतात.

इथे मघाचाच कॉर्टिकोस्टिरॉइड उपयोगी पडतो, कारण आता आपल्याला अंगाची जास्तीची बांधणीच थांबवायची आहे. ट्रायअ‍ॅम्सिनोलोन व्रणाच्या आत टोचतात, साधारण चार ते सहा आठवड्यांनी एकदा. व्रण मऊ होतो, खाज कमी होते. टोचताना दुखतं. आजूबाजूची कातडी पातळ किंवा पांढरी पडू शकते. पूर्ण छातीभर पसरलेल्या व्रणाला हे पुरत नाही. तिथे प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारे घट्ट कपडे), सिलिकॉन शीट आणि कधी शस्त्रक्रिया.

कुकरच्या वाफेने हात भाजला. यातलं काही घ्यावं का?

नाही. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा, अंगठी-बांगड्या लगेच काढा, स्वच्छ कापडाने झाका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नको. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे साधारण एक टक्का. त्याहून मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, जननेंद्रिय भाजलं असेल, किंवा वीज-अ‍ॅसिडचं असेल, तर रुग्णालयात जा.

ही औषधं किती महिने चालतात? घरी गेल्यावर काय?

इन्सुलिन बहुधा रुग्णालयातच सुटतं. प्रोप्रानोलोल आणि जिथे दिलं असेल तिथे ऑक्सँड्रोलोन मोठ्या भाजण्यात काही महिने, मुलांत वर्षभरही चालू ठेवतात, कारण शरीराची आग जखमा मिटल्यावरही लगेच विझत नाही. पहिल्या भेटीला जाताना वजनाची वही, नाडीची नोंद आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. मधल्या काळात डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उठल्यावर चक्कर आली, नाडी साठच्या खाली गेली, पाय सुजले किंवा मिटलेली जखम पुन्हा ओलावली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.